गेमिंग लॅपटॉप घेताना आधी मागचं झाकण बघा

नागपूरहून भाच्याचा मेसेज आला. "मावशी, गेमिंगचा एक लॅपटॉप दोन लाखांचा आहे, दुसरा साडेतीनचा. बाबा म्हणतात महागाचाच घे, पुढे त्यात अपग्रेड करत राहता येईल. बरोबर ना?"

बाबांचा हिशेब डेस्कटॉपच्या काळातला आहे आणि त्या काळापुरता अगदी बरोबर होता. कॅबिनेट, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि मदरबोर्ड दणकट घ्यायचा, मग सवडीने रॅम वाढवायची, दोन-तीन वर्षांनी ग्राफिक्स कार्ड बदलायचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एक चक्कर मारली की काम झालं. लॅपटॉपला हा हिशेब लागू पडत नाही. महागड्या लॅपटॉपला तर बऱ्याचदा उलटाच लागू पडतो: जितके जास्त पैसे, तितकं आत बदलता येण्यासारखं कमी.

लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं की आतल्या वस्तू दोन जातींच्या दिसतात. काही स्क्रूने बसवलेल्या, काही मदरबोर्डवर सोल्डर करून कायमच्या चिकटवलेल्या. प्रोसेसर, ग्राफिक्स चिप आणि तिच्या भोवती बसलेली ग्राफिक्स मेमरी सोल्डर केलेली. एसएसडी, बॅटरी, पंखे आणि बहुतेक ठिकाणी वाय-फाय कार्ड स्क्रूचं. रॅम मात्र दोन्हीकडे नांदते आणि खरी गंमत तिथेच आहे.

आसुसचा झेफिरस जी१४ घ्या. २०२० ते २०२३ च्या मॉडेलांत थोडी रॅम बोर्डवर होती आणि शेजारी एक स्लॉट होता. २०२४ मध्ये तो नव्याने घडवला, आणखी पातळ आणि देखणा केला, आणि स्लॉट गेला. रेझरच्या ब्लेड १६ चंही २०२५ मध्ये तेच झालं. त्याच वेळी लेनोव्होचा एलओक्यू किंवा एचपीचा व्हिक्टस उघडलात, म्हणजे निम्म्या किमतीचे, जाडजूड, प्लॅस्टिकचे लॅपटॉप, तर त्यांत बहुतेकदा रॅमचे दोन सुटे स्लॉट सापडतात. या दोन टोकांच्या मध्ये तिसरी जात आहे, महाग आणि जाडही: आसुसचे स्ट्रिक्स स्कार, लेनोव्होचे लिजन प्रो, किंवा एमएसआयचा टायटन १८, ज्यात रॅमचे चक्क चार स्लॉट आहेत. तेव्हा दुकानात "हा हाय-एंड आहे" असं कुणी म्हणालं, तर पातळ हाय-एंड की जाड हाय-एंड, हे आधी विचारून घ्यावं.

स्लॉट काढून टाकण्यामागे नुसता कंपन्यांचा लोभ आहे असं नाही. तोही आहेच; जास्तीच्या १६ जीबीचे त्या किती लावतात ते बघा. पण सोल्डर केलेली एलपीडीडीआर५एक्स जातीची मेमरी कमी वीज खाते आणि प्रोसेसरच्या अगदी जवळ बसते, म्हणून स्लॉटमध्ये बसणाऱ्या सुट्या पट्टीपेक्षा, म्हणजे स्टिकपेक्षा, जास्त वेगाने चालवता येते. जागाही वाचते. यावर तोडगा म्हणून एलपीकॅम२ नावाचा नवा प्रकार आला आहे. पातळ, वेगवान आणि तरी स्क्रूने बसणारा. गेमिंग लॅपटॉपमध्ये तो सर्रास मिळू लागेपर्यंत मात्र त्याच्या भरवशावर खरेदी करण्यात अर्थ नाही.

ग्राफिक्स कार्ड बदलायचं स्वप्न

लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलता येत नाही, हे वाक्य पूर्वी इतकं पक्कं नव्हतं. एमएक्सएम नावाची सुटी कार्डं असायची. लहान पाटी, तिच्यावर चिप आणि मेमरी, आणि ती मदरबोर्डवरच्या खाचेत बसायची. कागदावर छान. प्रत्यक्षात एका कंपनीचं कार्ड दुसरीच्या लॅपटॉपमध्ये बसेल याची खात्री नसे. पाटीचा आकार थोडा वेगळा, हीटसिंकची भोकं जुळत नाहीत, आणि जुळली तर बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, नव्या कार्डाला ओळखत नाही. लॅपटॉप पातळ होत गेले तशी ही पद्धत मागे पडली.

२०१९ च्या जानेवारीत डेलच्या एलियनवेअरने एरिया-५१एम आणला तेव्हा पुन्हा आशा वाटली. डेस्कटॉपचा प्रोसेसर, तोही सॉकेटमध्ये, म्हणजे काढता येईल असा, आणि सुटं निघणारं ग्राफिक्स कार्ड. जाहिरातीत या सोयीवर मोठा भर होता. पुढच्या वर्षी इंटेलने प्रोसेसरचं सॉकेट बदललं, ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाची सुपर मालिका आली, आणि ती एरिया-५१एमच्या नव्या आवृत्तीत मिळाली. पहिली आवृत्ती घेतलेल्यांना मात्र नवी पिढी जुन्या मशीनमध्ये टाकता येईना. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात यावर ग्राहकाने दावाही दाखल केला. यातली कुणाची बाजू खरी, हे मी इथे ठरवत नाही. मला त्यातली मेख महत्त्वाची वाटते: खाच असणं आणि त्या खाचेत बसेल असं काही पुढे बाजारात येणं, या दोन वेगळ्या गोष्टी. अपग्रेडचं वचन दुसऱ्या कुणीतरी पाळायचं असतं. प्रोसेसरवाला, ग्राफिक्सवाला आणि लॅपटॉपवाला या तिघांचं एकाच वेळी जमावं लागतं.

ते एकदा जमलेलं उदाहरणही आहे. अमेरिकेतल्या फ्रेमवर्क कंपनीचा १६ इंची लॅपटॉप २०२४ मध्ये ग्राहकांच्या हातात पडला तेव्हा त्यात एएमडीचं आरएक्स ७७००एस कार्ड मागच्या बाजूने सरकवून बसवायची सोय होती. २०२५ मध्ये त्याच लॅपटॉपसाठी एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०७० चं मोड्यूल आलं. जुनं काढा, नवं घाला. तेव्हाची किंमत ६९९ डॉलर, मेमरी ८ जीबी. आता शेजारी ठेवून बघा: डेस्कटॉपच्या आरटीएक्स ५०७० ची बाजारात येतानाची जाहीर किंमत ५४९ डॉलर, मेमरी १२ जीबी. म्हणजे बदलता येतं, पण बदलता येण्याचा दामही मोजावा लागतो. मला फ्रेमवर्कचं मनापासून कौतुक आहे, तरी नुसते गेम खेळायचे असतील तर हा सौदा स्वस्तातला नाही.

आणि बाहेरून जोडायचं कार्ड? थंडरबोल्ट ४ च्या केबलमधून सेकंदाला ४० गिगाबिट जातात. डेस्कटॉपमधल्या स्लॉटचा रस्ता त्याच्या कितीतरी पट रुंद असतो. धरणाचं पाणी घरच्या नळातून काढल्यासारखं आहे ते. हलक्या ऑफिस लॅपटॉपला चालेल. आत आधीच भारी कार्ड असलेल्या लॅपटॉपला पुन्हा बाहेरून कार्ड लावणं म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे.

नावात काय आहे, आणि काय नाही

कार्ड जन्मभर तेच राहणार म्हटल्यावर ते पारखून घेणं आलं, आणि इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. कारण नाव एकच असतं.

आरटीएक्स ५०९० डेस्कटॉपमध्येही आहे आणि लॅपटॉपमध्येही. डेस्कटॉपच्या कार्डात २१,७६० कूडा कोअर (चिपमधली हिशेब करणारी छोटी एककं), ३२ जीबी मेमरी आणि ५७५ वॅटची भूक. लॅपटॉपच्या कार्डात १०,४९६ कोअर, २४ जीबी मेमरी आणि वीज फार तर १७५ वॅट. चिपच वेगळी आहे. डेस्कटॉपच्या ५०८० मध्ये जी जीबी२०३ चिप असते, तीच लॅपटॉपमध्ये ५०९० हे नाव लावून बसते. त्यामुळे डेस्कटॉपच्या चाचण्यांचे व्हिडिओ बघून लॅपटॉप ठरवू नका.

दुसरी गोची लॅपटॉप-लॅपटॉपमधली. एकाच नावाच्या कार्डाला प्रत्येक कंपनी वेगवेगळी वीज देते. मागच्या पिढीच्या आरटीएक्स ४०६० ला एनव्हिडियाने ३५ पासून ११५ वॅटपर्यंत मोकळीक दिली होती. ३५ वॅटचं ४०६० आणि ११५ वॅटचं ४०६० यांच्या डब्यावर स्टिकर मात्र सारखाच. एकच गाडी, एकीला पेट्रोलची पूर्ण नळी आणि दुसरीला चिमटा लावलेली. हा आकडा टीजीपी या नावाने कंपनीच्या संकेतस्थळावर बारीक अक्षरांत असतो. न सापडल्यास मॉडेल नंबर घालून एखादी चाचणी शोधा, पण आकडा कळल्याशिवाय पैसे देऊ नका.

हाच वॅटचा आकडा सगळ्यात वरच्या पायरीचं गुपितही सांगतो. लॅपटॉपच्या ५०८० मध्ये ७,६८० कोअर आहेत, म्हणजे ५०९० मध्ये तिच्यापेक्षा ३५ टक्क्यांहून अधिक. पण दोघांच्या विजेची कमाल मर्यादा सारखीच, १५० वॅट आणि वर २५. तेवढ्याच विजेत जास्त कोअर पळवायचे म्हणजे प्रत्येकाला थोडं हळू पळवावं लागतं. म्हणून खेळात दिसणारा फरक कोअरच्या फरकापेक्षा बराच कमी भरतो. किमतीतला फरक मात्र पूर्ण वसूल केला जातो.

मग वरची पायरी कुणासाठी? ग्राफिक्स मेमरी ज्यांना लागते त्यांच्यासाठी. ब्लेंडरमध्ये जड सीन रेंडर करणारे, आपल्याच मशीनवर एआय मॉडेल चालवणारे, आणि त्यातून घर चालवणारे. (व्यवसायासाठी घेत असाल आणि जीएसटी नोंदणी असेल, तर बिलावर आपला नंबर टाकायला विसरू नका. १८ टक्के म्हणजे साडेतीन लाखांच्या बिलात पन्नास हजारांहून जास्त रक्कम असते.)

निव्वळ खेळणाऱ्यांसाठी माझं मत सरळ आहे. या पिढीत लॅपटॉपच्या ५०६० आणि ५०७० ला ८ जीबी ग्राफिक्स मेमरी आहे, ५०७० टीआयला १२, ५०८० ला १६. ही मेमरी कधीच वाढत नाही. कार्ड मंद पडलं तर सेटिंग खाली आणून खेळता येतं. मेमरी भरली तर मात्र खेळ झटके देतो, सेकंदाला चांगल्या साठ फ्रेमवर चाललेला मध्येच अडखळतो, भिंतींचे पोत धुरकट होतात. अनेक नव्या गेमना ८ जीबी आत्ताच पुरत नाही. म्हणून १२ जीबीची पायरी मला पैशाला न्याय देणारी वाटते. लाखाच्या वर मोजून ८ जीबीचं ५०७० घेताना हात आखडावा. त्यापेक्षा ५०६० घेऊन पैसे वाचवलेले बरे.

रॅमचा उलटलेला सल्ला

कित्येक वर्षं आम्ही सगळे एकच सल्ला द्यायचो: कंपनीकडून कमीत कमी रॅमचा घ्या, उरलेली बाजारातून टाका, अर्ध्या पैशात होईल. मीही तसंच केलं होतं. माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी बोर्डवर आणि ८ स्लॉटमध्ये होती. स्लॉटमधली काढून १६ ची स्टिक टाकली आणि २४ झाली म्हणून खूश झाले. मग कळलं की यातली १६ जीबीच दुहेरी वाटेने (ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्हीकडून एकाच वेळी) धावते, ८ बोर्डवरची आणि ८ स्टिकमधली. उरलेली ८ एकेरी वाटेवर. व्हिडिओ संपादनात फारसं जाणवलं नाही, पण "२४ आहे" असं मैत्रिणींना सांगताना आवाज जरा खाली यायचा.

२०२५ च्या अखेरीस तो सल्लाच उलटला. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीचं उत्पादन आपल्याकडे ओढून घेतलं आणि किरकोळ बाजारात डीडीआर५ जातीच्या रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्याही वर गेले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशल या नावाने ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे लॅपटॉपची रॅम वाढवणाऱ्या कितीजणांनी क्रुशलचीच स्टिक टाकली असेल! अशा काळात "नंतर टाकू" या शब्दांना किंमत लागते. कंपनीचा ३२ जीबीचा लॅपटॉप १६ च्या लॅपटॉपपेक्षा जितका महाग आहे, तेवढ्यात सुटी स्टिक येते का, हे घ्यायच्या दिवशी तपासायचं. गेल्या वर्षीचा भाव मनातून काढून टाकायचा.

१६ चा घेतलाच तर ती १६ एका स्टिकची की ८-८ च्या दोन, हेही विचारा. एका स्टिकमध्ये दुसरा स्लॉट रिकामा राहतो, पण तोवर मेमरी एकेरी वाटेने चालते आणि खेळात फ्रेम कमी मिळतात. दोन स्टिकमध्ये आज वेग पूर्ण मिळतो, उद्या वाढवताना दोन्ही काढाव्या लागतात. रॅम ऑनबोर्ड असेल तर प्रश्न मिटला. ३२ घ्या, नाहीतर तो लॅपटॉप सोडा.

एसएसडीची काळजी कमी. एम.२ चा, म्हणजे एसएसडी बसवायचा, दुसरा स्लॉट आहे का आणि तो पूर्ण लांबीचा आहे का, एवढं बघा. एसएसडी तुम्ही घरीही बदलू शकता. झाकण उघडल्याने वॉरंटी जाते का, हे कंपनीच्या अटींत वाचा किंवा लेखी विचारा. दुकानातल्या मुलाच्या "काही होत नाही सर" वर जाऊ नका.

विदर्भातला मे महिना

भाच्याला मी कार्डाइतकाच आग्रह थंडाव्याचा केला. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, त्यामुळे आतली चिप खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. परदेशी चाचण्या साधारण २२-२३ अंशांच्या खोलीत होतात. तिथे ८० अंशांवर राहणारी चिप नागपूरच्या ४० अंशांच्या खोलीत तेवढंच काम करताना शंभरीला टेकू बघते, आणि तिथे पोहोचण्याआधीच स्वतःचा वेग कमी करते. साडेतीन लाखांचा पातळ लॅपटॉप मे महिन्यात दुपारी दोन वाजता दोन लाखांच्या जाड लॅपटॉपसारखाच चालू शकतो. कधी त्याहून हळू. हीटसिंक, पंख्यांची जागा, तळाच्या जाळ्या, यातलं काहीही पुढे बदलता येत नाही. जाडी ही इथे चैन नाही, गरज आहे. अडीच किलोच्या लॅपटॉपसोबत किलोभराचा चार्जर वाहायला लागतो म्हणून कुरकुर करणाऱ्यांना मी विचारते, रोज नेणार आहेस का? बहुतेकांचा लॅपटॉप हॉस्टेलच्या टेबलावरून हलत नाही.

आणि खरंच हलणार नसेल तर डेस्कटॉप घ्या, हा सल्ला प्रामाणिकपणे द्यायलाच हवा. बाबांचा सगळा हिशेब तिथे लागू होतो. फक्त वीज जाते तिथे यूपीएस धरा. लॅपटॉपमध्ये बॅटरी असल्याने खेळ मंदावतो, पण बंद पडत नाही.

सहा वर्षांचं गणित

आता पैशांचं. आकडे गृहीत आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा साडेतीन लाखांचा लॅपटॉप घेतला आणि सहा वर्षं वापरला. दुसऱ्या वाटेने दोन लाखांचा घेतला, तीन वर्षांनी ७० हजारांना विकला आणि पुन्हा दोन लाखांचा घेतला. खर्च ३ लाख ३० हजार. पैसे जवळपास तेवढेच, पण चौथ्या वर्षापासून नवी चिप, नवी बॅटरी आणि नवी वॉरंटी.

चौथ्या वर्षी जुनं शिखर आणि नवी मधली पायरी यांत कोण वरचढ ठरेल, हे वेगाच्या आकड्यांवरूनच ठरत नाही. २०२१ मध्ये लॅपटॉपचं आरटीएक्स ३०८० हे शिखर होतं. (तेही ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत, नाव एकच.) २०२२ मध्ये एनव्हिडियाने मधल्या फ्रेम स्वतः तयार करणारी डीएलएसएस ३ ची सोय आणली, फक्त ४० च्या मालिकेसाठी. २०२५ मध्ये एकाऐवजी अनेक फ्रेम तयार करणारी पुढची सोय आली, फक्त ५० साठी. ३०८० वाल्यांनी कितीही पैसे मोजले असोत, दोन्ही वेळा दार बंद होतं.

या गणिताला एक छेद आहे. मेमरीचे भाव असेच चढे राहिले तर तीन वर्षांनी दोन लाखांत आजच्यासारखा माल मिळेलच असं नाही. तरीही मी दुसरी वाटच धरेन, कारण पहिल्या वाटेत मदरबोर्डवरचं काही बिघडलं आणि वॉरंटी संपलेली असली, तर चिप, मेमरी आणि कार्ड यांचा एकत्र बोर्डच बदलावा लागतो. अशा बोर्डाचं कोटेशन एकदा हातात घेऊन बघा. म्हणून वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवायचे पैसे मी आनंदाने देते. स्क्रीनच्या ३०० हर्ट्झला किंवा झाकणावरच्या दिव्यांना देत नाही.

भाच्याला सांगितलं, दुकानात मांडलेलं मशीन चालू करायला लाव. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. फॉर्म फॅक्टरपुढे सोडिम लिहिलं असेल तर स्टिक सुटी आहे, 'रो ऑफ चिप्स' लिहिलं असेल तर सोल्डर केलेली आहे. किती स्लॉट वापरात आहेत तेही तिथेच दिसतं. मग एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघड आणि कार्डाची कमाल वॅट वाच. दुकानदार बघत राहील, राहू दे.

शनिवारी त्याने दोन फोटो पाठवले. साडेतीन लाखांच्या मशीनवर 'रो ऑफ चिप्स'. दोन लाखांच्या मशीनवर सोडिम, दोनपैकी दोन स्लॉट भरलेले, कार्ड ५०७० टीआय, १४० वॅट. त्याने दुसरा घेतला, ३२ जीबीचा, वर तीन वर्षांची वॉरंटी. बाबा सोबत होते. बिल होताना त्यांनी काउंटरवर विचारलंच म्हणे, "आणि याचं ग्राफिक्स कार्ड साधारण कधी बदलावं लागेल?"